नऊशे रुपयांचा आवाज

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी एका अगदी लहान वस्तूबद्दल बोलणार आहे. तळहातावर मावते, दोरीने खुंटीला अडकवता येते, आणि बाजारात ७०० ते १,२०० रुपयांना मिळते. दुकानदार तिला 'पोर्टेबल स्पीकर' म्हणतो. आमच्याकडची मुलं तिला नुसतं 'ब्लूटूथ' म्हणतात. मोबाइलमधलं गाणं किंवा बोलणं ही डबी तारेशिवाय पकडते आणि मोठ्याने ऐकवते. एवढंच तिचं काम.

मी सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, काठी परिसरात शिक्षक आहे. शाळा सुटल्यावर बिघडलेले रेडिओ, टॉर्च, चार्जर उघडून बसण्याचा मला नाद आहे. त्यामुळे आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी कोणी ना कोणी येतं आणि विचारतं, "गुरुजी, ब्लूटूथ घ्यायचं आहे. कोणतं घेऊ?"

प्रश्न साधा वाटतो, पण तो साधा नाही. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी २०२५-२६ साली दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे ९०० रुपयांची डबी ही जवळजवळ तीन दिवसांची खोदाई. शहरात ती वस्तू आवडली नाही तर कपाटात पडून राहते. इथे ती सहा महिन्यांत बंद पडली, तर घरात वर्षभर तिची आठवण निघते. म्हणून मी शाळेसाठी अशी एक डबी घेतली आणि पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असं वर्षभर ती वापरून पाहिली. लोकांनी दुरुस्तीला आणलेल्या आणखी काही उघडून पाहिल्या. त्यातून जे कळलं ते सांगतो. कंपन्यांची नावं घेणार नाही. नावं दर दिवाळीला बदलतात, आतला माल बहुतेक सारखाच असतो.

आधी हे सांगायला हवं की काठीला आवाज म्हणजे काय ते कुणी शिकवायची गरज नाही. काठी हे ब्रिटिश अमदानीतल्या खानदेशच्या मेवासी संस्थानांपैकी एक. इथली राजवाडी होळी दूरवर प्रसिद्ध आहे. ती इ. स. १२४६ पासून चालत आली, असं इथे सांगितलं जातं. फाल्गुनी पौर्णिमेच्या रात्री डोंगरातून पाड्यापाड्यांचे लोक पायी येतात. डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं बांधलेले नाचे, आणि दोन्ही हात पसरले तरी कवेत न येणारे ढोल. रात्रभर नाच चालतो आणि पहाटे उंच बांबूची होळी पेटते. तो ढोल कानांनी ऐकू येतोच, शिवाय छातीत आणि पायाखालच्या जमिनीतही जाणवतो. ज्यांनी लहानपणापासून तो ऐकला आहे, ते डबी हातात घेतात, गाणं लावतात आणि पहिल्याच मिनिटाला म्हणतात, "ह्याचा ढोल वाजत नाही, गुरुजी."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे, आणि ते का खरं आहे हे समजलं की अर्धी परीक्षा झाली.

आवाज म्हणजे हवेची हालचाल. जाड, घुमणारा आवाज म्हणजे संथ हालचाल. सेकंदाला शंभर किंवा त्याहून कमी कंपनं. अशा आवाजाची एक लाट साडेतीन मीटर आणि त्याहून लांब असते. एवढी लाट उठवायची तर पुष्कळ हवा ढकलावी लागते. ढोलाचं मोठं कातडं ते काम करतं. डबीतला पडदा चार-पाच सेंटिमीटरचा. तो कितीही थरथरला तरी तेवढी हवा हलवू शकत नाही. त्यामुळे साधारण दीडशे कंपनांच्या खालचा आवाज ही डबी जवळजवळ गाळूनच टाकते. काही डब्यांच्या बाजूला रबराची एक चकती असते. आतल्या हवेच्या दाबाने ती हलते आणि जाड आवाजाला थोडी मदत करते. पण स्वस्त डब्यांत ही चकती कधीकधी नुसती शोभेची असते. गाणं चालू असताना बोटाने हलकेच स्पर्श करा. हलत असेल तर खरी, नाहीतर नक्षी.

आता माणसाचा आवाज पाहा. आपण बोलतो त्यातले शब्द कळण्यासाठी जो भाग लागतो, तो मुख्यतः सेकंदाला ३०० ते ३,४०० कंपनांमध्ये असतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून एवढाच पट्टा जायचा, तरी मुंबईची बहीण बोलते की भाऊ, हे आपल्याला कळायचं. हा पट्टा आमची डबी अगदी स्वच्छ वाजवते. पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग तिच्यात येत नाही, पण वरचे सूर ऐकून आपला कान तो मनातल्या मनात भरून काढतो. म्हणून मी पहिला निर्णय असा देतो : ही डबी ढोलासाठी नाही, बोलण्यासाठी आहे. गोष्ट, बातम्या, कविता, धडा, आजीचं गाणं, एकट्या बासरीची धून हे सगळं तिच्यावर छान ऐकू येतं. नाचायला ती घेऊ नका.

दुसरी गोष्ट वॉटची. खोक्यावर मोठ्या अक्षरांत आकडे असतात. कुठे ५ वॉट, कुठे १०, आणि एखाद्या खोक्यावर चक्क हजार. हजारच्या पुढे बारीक अक्षरांत 'पीएमपीओ' असं लिहिलेलं असेल, तर तो आकडा विसरून जा. डोळ्याचं पातं लवतं तेवढ्या वेळात यंत्र कागदोपत्री किती उसळी मारेल, त्याचा तो हिशेब आहे. 'आरएमएस' या अक्षरांपुढचा आकडा खरा धरायचा, कारण ती सलग वाजण्याची ताकद असते. आणि खरा आकडा दुप्पट झाला म्हणजे आवाज दुप्पट होतो असंही नाही. ५ वॉटच्या जागी १० वॉट घेतले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला थोडासाच फरक कळतो. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट ताकद लागते. तेव्हा ५ वॉटच्या ऐवजी ६ वॉट आहेत म्हणून कोणी दोनशे रुपये जास्त मागत असेल, तर देऊ नका.

अंतराचाही एक नियम आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. समजा, डबीचा आवाज एका मीटरवर ८५ डेसिबल आहे. दोन मीटरवर ७९, चार मीटरवर ७३, आणि ६४ मीटरवर तो पन्नासच्याही खाली जातो. आमच्या भागात घरं एकाला एक लागून नसतात. एक घर या उतारावर, दुसरं त्या उतारावर. एका घराच्या ओसरीतली डबी शेजारच्या घरात ऐकू जाणार नाही. एका वर्गाला किंवा अंगणात बसलेल्या वीस-पंचवीस माणसांना ती पुरते. सगळ्या पाड्याला ऐकवायचं असेल तर कर्णाच हवा.

आता 'ब्लूटूथ' या नावाकडे येतो, कारण त्याबद्दल मोठा गैरसमज आहे. अनेकांना वाटतं की याला मोबाइलची रेंज लागते, इंटरनेट लागतं, त्यात पैसे जातात. यातलं काहीही लागत नाही. फोन आणि डबी एकमेकांशी थेट बोलतात. मधे कुठला मनोरा नाही, कुठली कंपनी नाही. आमच्याकडे फोन लावायला टेकडी चढावी लागते अशा कितीतरी जागा आहेत. तिथेही ब्लूटूथ बिनबोभाट चालतं. फोनमध्ये आधी साठवलेलं काही असलं म्हणजे झालं.

हे तंत्र १९९४ च्या सुमारास स्वीडनमधल्या एरिक्सन कंपनीत आकाराला आलं. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्या त्यासाठी एकत्र आल्या. नाव घेतलं दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचं. त्याचं टोपणनाव 'निळा दात' असं होतं, आणि वेगवेगळ्या टोळ्यांना एकत्र आणणारा म्हणून त्याची ख्याती. वेगवेगळ्या यंत्रांना एकत्र आणायचं म्हणून त्याचं नाव. डबीवर जी निळी खूण असते, ती त्याच्या नावातली दोन जुनी अक्षरं एकमेकांवर ठेवून केलेली आहे. मुलांना ही गोष्ट फार आवडते. आमच्या वर्गातल्या एकाने विचारलं, "मग त्याचा दात खरंच निळा होता का?" त्याचं उत्तर इतिहासकारांकडेही नक्की नाही.

या लहरी सेकंदाला १,६०० वेळा आपली जागा बदलतात. एकूण ७९ जागा आहेत. एका जागी गोंगाट असला तर पुढच्या क्षणी त्या दुसऱ्या जागी गेलेल्या असतात. म्हणून एका खोलीत दोन-तीन डब्या चालल्या तरी गडबड होत नाही. मात्र या लहरींना पाणी अडवतं, आणि माणसाचं अंग बहुतांशी पाणीच. फोन मागच्या खिशात आणि डबी समोर असली की आवाज तुटतो. डबी बिघडलेली नसते, आपणच मधे उभे असतो. मोकळ्यावर दहा मीटरपर्यंत आवाज अखंड यायला हवा. जाड मातीच्या भिंतीपलीकडे तो आला नाही, तर तक्रार करू नये.

खोक्यावर ब्लूटूथचा क्रमांकही असतो, ५.० किंवा ५.३ असा. क्रमांक मोठा म्हणजे आवाज चांगला, असं दुकानदार सांगतो. या क्रमांकांबरोबर पल्ला वाढल्याच्या ज्या गोष्टी ऐकू येतात, त्या मुख्यतः कमी वीज खाणाऱ्या घड्याळासारख्या उपकरणांसाठीच्या आहेत. या डब्यांत गाणं अजून जुन्याच वाटेने जातं. त्या आकड्यापायी पैसे मोजू नका.

शिक्षकांसाठी एक सूचना. फोनमध्ये बोलून तोच आवाज त्याच वेळी डबीतून काढायचा प्रयत्न काही जण करतात. ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा उशीर होतो. गाणं ऐकताना ते कळत नाही, पण आपलंच बोलणं मागून ऐकू आलं की जीभ अडखळते. त्यासाठी तारेचा माइक लागणारं वेगळं यंत्र घ्यावं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, बॅटरी. खोक्यावर लिहिलेलं असतं, 'दहा तास चालते'. त्यात एक न लिहिलेली अट असते, की आवाज अर्धाच ठेवायचा. आपण घरी हिशेब करू शकतो. बॅटरीवर १,२०० एमएएच असं लिहिलेलं असतं आणि तिचा दाब ३.७ व्होल्ट. १.२ ला ३.७ ने गुणलं की साडेचारच्या जवळ येतं. म्हणजे एक वॉट खर्च होत असेल तर साडेचार तास, अर्धा वॉट होत असेल तर नऊ तास. शाळेतली डबी मोठ्या आवाजात चार तासांच्या आसपास चालली, मध्यम आवाजात सहाच्या वर. मला ते पुरेसं वाटलं. पण 'दहा तास' ऐकून कोणी लग्नाच्या रात्रीसाठी ती नेली, तर मध्यरात्रीच ती मुकी होणार.

आमच्या भागासाठी बॅटरीची आणखी एक अडचण आहे, आणि ती कुठल्याही खोक्यावर लिहिलेली नसते. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. होळीला परततात. डबी वापरून वापरून संपवलेली असते, तशीच ती फळीवर टाकून घराला कडी लावतात. चार महिन्यांनी येऊन बटण दाबतात तर दिवा लागत नाही. या बॅटऱ्या लिथियमच्या असतात. पूर्ण रिकाम्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडल्या की त्या मरतात, पुन्हा चार्ज होत नाहीत. माझ्याकडे आलेल्या बंद डब्यांत सर्वांत जास्त याच कारणाने गेलेल्या होत्या. उपाय फुकटचा आहे. घर सोडताना डबी अर्धी चार्ज करा, बटण बंद आहे याची खात्री करा, आणि ती पत्र्याखाली न ठेवता घरातल्या गार कोपऱ्यात, कणगीजवळ ठेवा. उष्णतेनेही ही बॅटरी लवकर म्हातारी होते.

बॅटरी फुगलेली दिसली, डबीची कड उघडल्यासारखी वाटली, तर तिला चार्जिंगला लावू नका. टोचू नका. चुलीत तर मुळीच टाकू नका, ती भडकते. आणि ज्यांच्याकडे वीज येते-जाते त्यांनी हे पाहावं की डबीला फोनचाच चार्जर चालतो का. हल्ली बहुतेक फोनांना चपटं, दोन्ही बाजूंनी बसणारं टाइप-सी टोक असतं. डबीलाही तेच असलं की घरात एक तार पुरते, आणि सौर दिव्याच्या यूएसबी खाचेवरही काम भागतं. जुन्या टोकाची डबी शंभर रुपये स्वस्त मिळाली तरी ती तार तुटल्यावर ते शंभर रुपये जातात.

पावसाचं सांगतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ढग घरात येतात. डबीवर 'वॉटरप्रूफ' असा शब्द असतो, त्यावर जाऊ नका. 'आयपी' या अक्षरांपुढे दोन खुणा असतात. पहिली धुळीची, दुसरी पाण्याची. आयपीएक्स-४ म्हणजे कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालेल. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी चालेल. मधला 'एक्स' म्हणजे धुळीबद्दल काहीही वचन दिलेलं नाही. आमच्या वाटांवर उन्हाळ्यात धूळ पावसापेक्षा जास्त घातक असते, हे ध्यानात ठेवा. ९०० रुपयांत शिंतोड्यांपुरतं संरक्षण मिळालं तरी खूप झालं. मागची रबरी झाकणी घट्ट बसते का पाहा, आणि ओली डबी पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका.

आता ज्या सोयीकडे शहरातला माणूस बघतही नाही, ती आमच्यासाठी पहिली आहे. मेमरी कार्डाची खाच. एका घरात फोन बहुधा एक असतो, आणि तो घरातल्या कर्त्या माणसाबरोबर शेतात किंवा बाजारात असतो. नुसत्या ब्लूटूथवर चालणारी डबी त्या वेळी निरुपयोगी. कार्ड असलं की फोन नसतानाही ती वाजते. म्हणून माझं मत असं की कार्डाची खाच नसलेली डबी काठीसारख्या ठिकाणी घेऊच नये. रेडिओचंही तसंच. बहुतेक डब्यांत एफएम असतं, पण एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मधे डोंगर आला की खरखर. धारेवरच्या घरात स्टेशन लागेल, खोऱ्यातल्या घरात लागेलच असं नाही. पूर्वीचे ट्रान्झिस्टर मीडियम वेव्ह पकडायचे. त्या लहरी जमिनीलगत वळत डोंगरापलीकडेही पोचायच्या. या डब्यांत ती सोय नसते. तुम्ही आत्ता हे भाषण जुन्या ट्रान्झिस्टरवर ऐकत असाल, तर नवी डबी आली म्हणून तो भंगारात देऊ नका.

दुकानात गेल्यावर दहा मिनिटं काढा. दुकानदार ढणढण वाजणारं गाणं लावून देईल. ते बंद करायला सांगा. आपल्या फोनमधलं कुणाचं तरी बोलणं लावा. घरून निघतानाच एखाद्या बाईचं आणि एखाद्या पुरुषाचं बोलणं फोनवर भरून घ्या. 'स', 'श', 'फ' ही अक्षरं वेगवेगळी ऐकू येतात का बघा. आवाज पूर्ण वाढवा. फाटतो का? थोडा फाटणारच. मग एक-दोन घर खाली आणा, तिथे तो स्वच्छ झाला पाहिजे. डबी टेबलावर ठेवून दहा-बारा पावलं मागे जा आणि शब्द कळतात का ऐका. बटणं अंधारात चाचपून ओळखता येतात का, तेही बघा, कारण वापर बहुधा अंधारातच होणार आहे. खाली स्क्रू दिसतात का पाहा. स्क्रूची डबी उघडता येते आणि बॅटरी बदलता येते. डिंकाने चिकटवलेली डबी उघडताना फुटते. भारतीय मानक ब्युरोचं नोंदणीचं चिन्ह आणि त्याजवळ 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक शोधा. शेवटी पावती घ्या, आणि तिच्यावर तारीख लिहून घ्या. तारखेशिवाय हमीला अर्थ नाही.

श्रोतेहो, एवढी चिकित्सा कशासाठी? केवळ गाण्यासाठी असती तर मी इतका वेळ घेतला नसता. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या. मोबाइलवर वर्ग सुरू झाले आणि ज्यांच्याकडे ना फोन ना रेंज, ती मुलं मागे राहिली. त्या वेळी पालघर जिल्ह्याच्या आदिवासी भागात दिगंत स्वराज फाउंडेशन या संस्थेने 'बोलकी शाळा' चालवली. आधी भरून ठेवलेले धडे ध्वनिक्षेपकावर लावायचे आणि मुलांनी अंतर राखून बसून ऐकायचे. इंटरनेटशिवाय धडा पोचवता येतो, हे त्यातून महाराष्ट्राला दिसलं.

आमच्या वर्गात आम्ही त्याच वाटेने थोडं पुढे गेलो. पहिलीत येणारं मूल घरी भिली बोलतं. शाळेचं पुस्तक मराठीत. पहिले काही महिने ते मूल गप्प असतं, आणि पाहुण्यांना वाटतं की ते मंद आहे. आम्ही मुलांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्या बोलीतल्या गोष्टी फोनवर भरल्या आणि कार्डात घातल्या. सकाळी दहा मिनिटं डबी लावायची. आधी बोलीतली गोष्ट, मग तीच गोष्ट मराठीत. पहिल्या दिवशी एका मुलीने डबीकडे बोट दाखवून सांगितलं की ही आमची आजी आहे. त्यानंतर ती वर्गात बोलायला लागली. डबीचा आवाज तिच्या आजीला ओळखण्याइतका चांगला होता. कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा ही परीक्षा मला मोठी वाटते.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीतला भिली भाषांचा भाग १९०७ साली छापला गेला. त्यात शब्द आहेत, व्याकरण आहे. पण कुठे थांबायचं, कुठे हसायचं, वाघाचा आवाज कसा काढायचा, हे कागदावर येत नाही. ते आज ज्यांच्या तोंडी आहे ती माणसं सत्तरी-ऐंशीची आहेत. फोन आणि कार्ड घराघरात पोचलं आहे, म्हणजे साठवण्याचं साधन आपल्या हातात आहे. प्रत्येक गोष्टीला नाव आणि तारीख द्या, आणि दुसऱ्या एका कार्डावर प्रत ठेवा, कारण स्वस्त कार्ड सांगून बिघडत नाही.

एक सावधगिरीचं बोलणं. आवाज छोटा असला तरी शेजाऱ्याची झोप मोडायला पुरतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा त्यांत दिली आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली आहे. आमच्याकडे लग्नांतून डीजेच्या भिंती येऊ लागल्या आहेत, त्यांच्यापुढे आमची डबी बिचारी आहे. पण बसमध्ये, दवाखान्याच्या ओसरीवर, परीक्षेच्या दिवसांत शाळेशेजारी ती लावू नये, एवढं भान तिच्याबरोबर यायला हवं.

तर, घ्यावी की नाही? नाचासाठी, लग्नासाठी हवी असेल तर घेऊ नका. तीन दिवसांची मजुरी जाईल आणि मन भरणार नाही. होळीला तर ती घरीच ठेवा, तिथे ढोल आहे. फोनवर एकट्याने ऐकायचं असेल तरीही गरज नाही, फोन पुरतो. पण संध्याकाळी घरातली पाच-सहा माणसं एकत्र बसून काही ऐकणार असतील, किंवा शाळेत, अंगणवाडीत, बचत गटाच्या बैठकीत बोलणं ऐकवायचं असेल, तर जरूर घ्या. कार्डाची खाच, फोनचाच चार्जर, खाली स्क्रू, आणि बोलणं स्वच्छ. या चार गोष्टी पाहा. बाकी रंग, दिवे, मोठे आकडे हे दुकानदारासाठी सोडून द्या.

आणि घेतलीत तर बाजारात तयार गाण्यांनी भरून मिळणारं कार्ड लगेच विकत घेऊ नका. आधी एक कोरं कार्ड घ्या. घरात जी सर्वांत म्हातारी व्यक्ती असेल तिच्याजवळ बसा, आणि तिला म्हणा, "आजी, ती कोल्ह्याची गोष्ट पुन्हा एकदा सांग." ती आधी लाजेल, नको म्हणेल. थोडं थांबा. सांगेल.